तीस भोकांची चकती

१७ सप्टेंबर १९७८, रविवार. किन्हीराजा

आज उकंडरावांच्या घरी टेलिव्हिजन आला. मुंबईहून ट्रकने, गवतात गुंडाळून. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, दारांना कुलूप. सगळं गाव पाहायला लोटलं. उकंडराव आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, तेव्हा न जाऊन चालणार नव्हतंच. पण खोटं कशाला लिहू, मला जायचंच होतं. बी.एस्सी.ला या विषयावर मी पाच मार्कांचं उत्तर लिहिलं आहे, पेटी मात्र आज पहिल्यांदा पाहिली.

कुलूप निघालं, दारं सरकली, बटन फिरलं. काच हळूहळू उजळली आणि तिच्यावर मुंग्या दिसायला लागल्या. काळ्या-पांढऱ्या, लाखोंनी, आणि तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज. गच्चीवर गडी अँटिना फिरवत होता आणि खालून सगळे "आता? आता?" म्हणत होते. दहा मिनिटं आम्ही मुंग्या पाहिल्या. शेवटी उकंडरावांची म्हातारी आई, सोजरबाई, म्हणाली, "मुंबईत लै पाऊस पडून राह्यला वाटते." कोणी हसलं नाही. खात्री कोणालाच नव्हती.

१९ सप्टेंबर, मंगळवार

दहावीच्या गंगूने वर्गात विचारलं, "बाई, काचेत मानूस येते कसा?" मी फळ्यावर काचेची नळी काढली. मागून विजेच्या कणांची पिचकारी, ती काच ओळीओळीने उजळवते, वरून खाली, सेकंदाला पंचवीस वेळा, म्हणून डोळ्याला सबंध चित्र दिसतं. मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. मुकाट्याने उतरवून घेतात तेव्हा काही कळलेलं नसतं, हे दोन वर्षांत मला कळलं आहे.

दोनच वर्षं. माझी नेमणूक तात्पुरती आहे. २ डिसेंबरला संस्थेची सभा, तिच्यात विज्ञानाची एक जागा कायम होणार. उमेदवार दोन. एक मी. दुसरा उकंडरावांचा भाचा जानराव, मानोऱ्याकडचा, यंदाच बी.एस्सी. झालेला. सध्या मामाकडे मुक्कामाला आहे आणि शाळेच्या आवारात सारखा दिसतो. अध्यक्षांचा भाचा आणि भागिरथा पडघानची पोरगी पंचफुला. गणित सोपं आहे. बाबा गेल्यावर मायने दुसऱ्यांच्या वावरात निंदण-वेचणी करून मला शिकवलं. आता कुठे तिची पाठ सरळ होत होती.

संध्याकाळी रागारागात एक गोष्ट ठरवली. अकोल्याला शिकताना रद्दीतून एक जुनं इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. काचेची नळी रुळायच्या आधी टेलिव्हिजन कसा होता, त्याची त्यात आकृती आहे. पत्र्याची गोल चकती, तिच्या कडेने आत आत वळत जाणारी तीस भोकं. चकती फिरली की एकेक भोक चित्राची एकेक ओळ टिपतं. ते तारेतून दुसरीकडे जातं, आणि तिथे तसलीच दुसरी चकती निऑनच्या दिव्यापुढे फिरून ओळीला ओळ लावते. झालं चित्र. पन्नास वर्षांपूर्वीची युक्ती, जगाने केव्हाच टाकून दिलेली. परवा एका मासिकात वाचलं की परदेशात रंगीत टेलिव्हिजनसुद्धा जुना झाला, आता भिंतीवर कॅलेंडरसारखा टांगायचा चपटा टेलिव्हिजन करायच्या खटपटीत आहेत. असेनात का. माझ्या मुलांना आधी ती ओळ दिसली पाहिजे. सभेच्या आत करून दाखवते, मग काढा म्हणावं मला.

८ ऑक्टोबर, रविवार

वाशीमहून चकत्या आणायला गेले होते. सत्यानाश!

किसनसिंग बाजारात ट्रंका आणि चाळण्या करतो. मागच्या रविवारी त्याला कागदावर मापं काढून दिली होती, भोकांच्या तीस खुणांसकट. आज त्याने दोन देखण्या चकत्या पुढे ठेवल्या. भोकं किमान हजार.

"बाई, तुमच्या नक्शात भोकं लै कम होते," तो म्हणाला. "इतक्यानं गहू काय चाळसान? म्या आपल्या मनानं पुरे करून देल्ले."

मी भर बाजारात खाली बसले. चाळणी नाही हो भाऊ, टेलिव्हिजन आहे, म्हटलं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि शेजारच्या दुकानदाराला सांगितलं, "लै शिकलं का असं होते."

रागावणार तरी कशी? अर्धी चाळणी हातून बाहेर जाऊ देणं त्याला कमीपणाचं वाटलं. शेवटी त्याच्या भाषेत समजावलं. ही चाळणी गहू चाळत नाही, उजेड चाळते, आणि एका वेळी एकच दाणा खाली पडला पाहिजे. त्याला एका दमात पटलं. "असं पैले सांगाचं ना, बाई!" जे माझ्या दहावीला अजून समजलं नाही ते याला उभ्याउभ्या समजलं. नव्या चकत्या पुढच्या बाजारी मिळतील. जुन्या दोन्ही मायने ठेवून घेतल्या. गहू झकास चाळतात म्हणे.

१५ ऑक्टोबर, रविवार

काल धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम झाला, त्यामुळे विहारातला भोंग्याचा ॲम्प्लिफायर आज मोकळा झाला. पंचांनी तो काही न विचारता दिला. पंखेही दोन जमले, एक विहारातला आणि एक हेडमास्तरांच्या टेबलावरचा. थंडी पडायला लागली म्हणून तो सुटला.

प्रकाशाची वीज करणारी नळी काही मिळत नव्हती. सिनेमाच्या मशीनमध्ये आवाजासाठी असते तसली. ती जानराव घेऊन आला! वाशीमच्या टॉकीजमधला ऑपरेटर त्याच्या ओळखीचा, जुनी काढून ठेवलेली त्याने दिली. भिंगसुद्धा आणलं, स्वतःच्या कॅमेऱ्यातून खोलून. मी तोंडावर विचारलं, "तुमाले काहून इतकी काळजी?"

"तुमचं जमते का ते पाहाचं हाये," म्हणाला.

पाहायचंच असणार, मामाला जाऊन सांगायला. आकृती वहीत उतरवून घेतली, तीही दोनदा. पहिली चुकली म्हणे. नंतर चांगला तास-दीड तास बसून होता. वस्तू मी ठेवून घेतल्या, पण त्याच्याशी नीट बोलले नाही. शत्रूला चहा कशाला?

१८ ऑक्टोबर, बुधवार

उकंडरावांनी बोलावून घेतलं. ओसरीवर पेटी कुलूपबंद, वर विणलेलं कापड.

"बाई, तुमी टेलिव्हिजन बनवून राह्यल्या म्हनतेत. मंग ह्या डब्ब्यातल्या मुंग्या काढा ना. दसऱ्याले पाव्हने येऊन हासून गेले. तुमी एवढं करा, सभेचं मी पाहून घेतो."

उद्या सांगते म्हणून आले.

पेटीत काढण्यासारखं काहीच नाही. टॉवर मुंबईला, त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वी गोल, आणि आम्ही पाचशे किलोमीटरवर. पण हे त्यांना कुठे माहीत आहे? अँटिना आणखी उंच करा, तार बदला, हवा कोरडी होऊ द्या, असं म्हणत सहा आठवडे सहज निघतील. तेवढ्यात सभा पार पडेल. पेटी विकणाऱ्या दुकानदाराने तरी दुसरं काय केलं? मनाची नुसती ओढाताण झाली आहे. नोकरी मला हवी आहे, फार हवी आहे.

मायला विचारलं. ती भाकरी थापत होती. "वर्गातल्या पोराईले काय सांगशीन?" म्हणाली. "हेच, का दुसरं?" तिने भाकर उलटली आणि पुढच्या गोळ्याला हात घातला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगून टाकलं.

"दुकानदार तं म्हने, अँटिना उंच करा, दिसते," उकंडराव म्हणाले.

"तो खोटं बोलला, अध्यक्षसाहेब. तुमची पेटी चांगली हाये. मुंबईचं चित्र इथवर पोचतच नाही. आपल्याकडं टॉवर होईन, त्या दिवशी याच पेटीत दिसन."

"म्हंजे तुमच्याच्यानं होत नाही."

"माह्याच्यानंच काय, कोनाच्याच्यानंच होत नाही."

ते उठून आत गेले. चहा सांगितला होता, तो आला नाही. नोकरी गेली असं धरून चालते. चकती मात्र पुरी करणार. हट्ट म्हणा हवं तर.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची सुटी, शाळा रिकामी. सामानाच्या खोलीच्या दाराला भोक पाडून त्यात भिंग बसवलं (हेडमास्तरांना अजून दिसलेलं नाही). बाहेर उन्हात स्टुलावर गंगू. आत अंधारात पहिली चकती आणि सिनेमाची नळी. तिथून तार ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायरमधून शेजारच्या नकाशांच्या खोलीत. तिथे दुसरी चकती, तिच्यामागे निऑन.

बाराच्या सुमाराला दुसऱ्या चकतीच्या काठाशी, काडेपेटीएवढ्या जागेत, नारिंगी उजेड थरथरला. त्यात दोन काळे डाग, खाली एक आडवा. डोळे. तोंड. "गंगू!" मी किंचाळले. "म्या काई नाई केलं बाई!" गंगू बाहेरून ओरडली.

आणि चेहरा घसरायला लागला. हनुवटी वर, कपाळ खाली, मग तिरका, मग नुसत्या पट्ट्या. दोन पंखे एका वेगाने फिरत नाहीत. रेग्युलेटर फिरवले, पात्यांना वजनं बांधली, तेल घातलं. तीन वाजले. पुस्तकात याबद्दल एकच वाक्य आहे, की दोन्ही चकत्यांचा वेग तंतोतंत एक असावा. लिहिणाऱ्याचं काय जातं? मी नकाशांच्या खोलीत डोकं धरून बसले आणि रडले.

माय भाकर घेऊन आली होती आणि नेहमीसारखी बाहेर पायरीवर बसली होती. तिथूनच म्हणाली, "फुला, तुह्ये दोन पंखे भांडून राह्यले व."

"माय, आता नको ना."

"ऐक तं. घूंऽ... घूंऽ... घूंऽ. जिनात असं वाजलं का समजाचं, दोन मशिनी एका चालीनं चालत नाहीत. पट्टा ढिला झाला म्हनून मीच मुकरदमाले सांगो."

वाशीमच्या कापसाच्या जिनात तिने माझ्या जन्माआधी बारा वर्षं काढली आहेत. मी कान दिला. चकत्यांची भोकं हवा कापताना सूर काढतात. दोन सूर जवळजवळ सारखे, आणि दोन्ही मिळून तो आवाज चढतो, उतरतो, चढतो. यालाच विस्पंद म्हणतात. नववीला मी शिकवते. दोन नादकाटे वाजवून, सूत्र लिहून, पाच गणितं घालून. आणि तीन तास माझ्या कानाशी तेच वाजत होतं तर मला ऐकू आलं नाही. लाज वाटली.

"आत ये," म्हटलं. ती उंबऱ्याशी थांबली. चपला काढल्या, पदर सारखा केला. लहानपणी ती या जागच्या जुन्या शाळेत दोन दिवस आली होती. तिला बाहेर लिंबाखाली बसवलं. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. याहून जास्त तिने मला कधी सांगितलेलं नाही.

आज ती आत आली. कोणता पंखा जोरात आहे हे तिने कानानेच ओळखलं, नकाशांच्या खोलीतला. त्याच्या चकतीच्या काठाला तिने अंगठा टेकवला. घूं लांबली. आणखी लांबली. मग एकच सपाट सूर राहिला, आणि चेहरा थांबला. काडेपेटीत गंगू नाक खाजवत होती.

१२ नोव्हेंबर, रविवार

मायच्या अंगठ्याला फोड आला. आता चिंधी गुंडाळून लावते. मी, गंगू आणि तो जानराव, तिघांनी अंगठा लावून पाहिला. आमच्याने क्षणभरही जमत नाही. जानराव सकाळपासून आरसा धरून उन्हाचा कवडसा गंगूच्या तोंडावर पाडत होता, हात भरून आले तरी. मामाने चांगलाच कामाला लावलेला दिसतो.

शाळा उघडल्यावर दहावीला पाच-पाचच्या गटाने दाखवलं. कोणी वहीत काही उतरवलं नाही. सगळे एकदम बोलत होते.

२६ नोव्हेंबर, रविवार

उकंडराव न बोलावता आले. बरोबर हेडमास्तर, आणि बैलगाडीतून सोजरबाई. म्हातारीनेच हट्ट धरला होता, "मास्तरनीचा डब्बा पाहाचा हाये." तिला उन्हात स्टुलावर बसवलं. उकंडराव नकाशांच्या खोलीत चकतीपुढे वाकले. बाजूला माय, अंगठ्याला चिंधी.

पंखे लागले. माय डोळे मिटून ऐकत होती. घूं थांबली आणि म्हातारीचा चेहरा उभा राहिला, नाकातल्या नथीसकट.

उकंडरावांनी चकतीच्या मागे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "फोटो लावला असन." त्यांनी जानरावच्या कानात काहीतरी सांगून त्याला बाहेर पाठवलं. आम्ही चकतीकडे पाहत राहिलो. काडेपेटीतल्या सोजरबाईने मान वर केली, काहीतरी ऐकलं, आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली. मग मूठ वळून दाखवली.

उकंडरावांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तिले म्हन, पदरानं तोंड झाक, असा निरोप देला होता. मायच हाये! फोटोनं तं ऐकलं असतं."

बाहेर आल्यावर ते माझ्याकडे न पाहता बोलले. "दिवाळीत अकोल्याले गेलतो. तिथच्या इंजिनेरले इचारलं. तुमी सांगतलं तेच त्यानं सांगतलं, शब्दाले शब्द. गोड बोलनारे लै भेटले मले, बाई." मग भाच्याकडे वळले. "का रे, तुले येते का हे शिकवता?"

"थोडंसं येते," जानराव म्हणाला. "पन मामा, मले मानोऱ्याच्या शाळेत जागा भेटली. पंधरा दिवस झाले. सांगाचं राह्यलं."

पंधरा दिवस! मग हा माणूस आरसे धरत इथे का थांबला होता, माझ्या काही लक्षात येत नाही. मला मात्र आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. अजून सभा व्हायची आहे, पण आज मी पोटभर जेवले.

३ डिसेंबर, रविवार

कालच्या सभेचा कागद हेडमास्तरांनी सकाळी घरी आणून दिला. कु. पंचफुला देवमन पडघान, विज्ञान शिक्षिका, कायम. चार वेळा वाचला. मायला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, आणखी एकदा वाच.

थोड्या वेळाने जानराव आला. उद्या मानोऱ्याला जातो आहे. त्याचं भिंग परत द्यायला निघाले तर म्हणाला, "राहू द्या, चित्र बंद पडन." नव्या शाळेचा पत्ता कागदावर लिहून आणला होता, चकतीत काही अडलं तर विचारायला. मी म्हटलं, मला काय अडणार, अडेल ते तुम्हालाच, तेव्हा पत्र तुम्हीच लिहा. यात इतकं खूश होण्यासारखं काय होतं कोण जाणे, फाटकापर्यंत तीनदा वळून पाहून गेला. मायने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

दुपारी लक्षात आलं. सगळ्या गावाने चित्र पाहिलं, मायने पाहिलं नाही. अंगठा चकतीच्या बाजूला, चित्र समोर. एवढे दिवस आम्हा कोणाला सुचलं नाही आणि तिने विचारलं नाही. शाळेत गेलो. मी घरचा आरसा खुर्चीला बांधला, असा की अंगठा न काढता तिला समोरचं दिसावं.

"स्टुलावर कोनाले बसवू?" मी विचारलं. "गंगूले बोलावतो."

"गंगू नको. तू बस. कायम झालेली मास्तरीन कशी दिसते ते पाहू दे मले."

मी बाहेर उन्हात बसले. आत पंखे सुरू झाले. दोन सूर भांडले, हळूहळू समजुतीला आले, आणि एकच राहिला. म्हणजे चित्र थांबलं होतं. आतून काही आवाज नाही.

"माय, दिसून राह्यलं का?"

काही नाही.

"माय?"

"बोलू नको व," आतून ती म्हणाली. "बोलली का हालते."

मी गप्प झाले. डोळ्यांना पाणी आलं, पण पुसायला हात उचलला नाही. दारातल्या भिंगाकडे पाहत, पाठ ताठ करून, ऊन स्टुलावरून सरकेपर्यंत मी तशीच बसून राहिले.